पाटीवर बसलेले आठ

नांदेडहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नायगाव येतं. मुलूख काळ्या मातीचा; मैदानावर मुरूम पडला नसेल तर पावसाळ्यात खो-खो बंद आणि उन्हाळ्यात भेगांत पाय. तिथल्याच एका मैदानाच्या कडेला संध्याकाळी उभा होतो. फक्कीच्या रेघा, दोन खांब, आठ पोरं एकाआड एक उलट्या तोंडांनी बसलेली, नववा पळतोय. चौथ्या पाटीवरचं पोरगं खो मिळूनही किंचित उशिरा उठलं. सर ओरडले, "झोपायलास का उठायलास रे?" सगळे हसले. पुढच्या दोन्ही वेळा ते पोरगं खो मिळायच्या आतच उठलं. फाऊल!

आपण कौतुक करतो ते पळणाऱ्याचं. पाठलाग मात्र बसलेल्यांच्या जिवावर चालतो, कारण उठलेल्याला ना मागे वळता येतं, ना मधली पाटी ओलांडता येते. पुण्यात १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम बांधले गेले, तरी गोम अजून तीच आहे. आपल्या मराठवाड्यातल्याच धाराशिवनं तर सारिका काळे यांच्यासारखी अर्जुन पुरस्कारविजेती (२०२०) खेळाडू दिली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले.

बसलेला ढिला का पडतो? रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्यानं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावला. आठ जण मिळून ओढत तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचं बळ एकट्यानं ओढण्याच्या साधारण निम्म्यावर येई. थोडा दोष ताळमेळाचा, थोडा 'माझं कोण मोजतंय' याचा. पुढे अमेरिकेत टाळ्या आणि आरोळ्यांवर असेच प्रयोग झाले; आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की आळस बराच ओसरायचा. म्हणून सरांच्या वहीत किती गडी बाद झाले याच्या शेजारी कोण किती चटकन उठलं हेही टिपलेलं असावं. त्याला पैसा लागत नाही.

दुसरी खोड रोज तीच साखळी घोटण्याची. १९७८ च्या एका प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांकडून छोट्या पिशव्या नेम धरून फेकून घेतल्या. काहींनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर झाली, आणि सरस ठरली ती तीन फुटांवरून कधीच न फेकलेली मुलं! पाटी रोज बदला, साखळी मध्येच मोडा. सराव विस्कळीत दिसेल, दिसू द्या.

राहिला तो हशा. स्मिथ आणि स्मॉल या सिअ‍ॅटलच्या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉलच्या प्रशिक्षकांना एवढंच शिकवलं: चूक झाली की आधी धीर द्या, मग थोडक्यात सुधारणा सांगा, मेहनतीला दाद द्या. पुढच्या हंगामात अशा प्रशिक्षकांची ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली, इतरांची २६ टक्के. आपल्याकडे दहावी आली की खेळ सुटतो असं म्हणतात. सगळं खापर दहावीवर फोडू नये.

दुसऱ्या फाऊलनंतर सरांनी शिट्टी खिशात टाकली, त्या पोराला उठवलं आणि स्वतः चौथ्या पाटीवर बसले. धावक त्यांच्या पाठीमागं. खो आला. सरही उशिराच उठले. हसावं का नाही, पोरांना कळेना.