घड्याळ पुढच्या दाराला, खोळंबा मागच्या दाराला

इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, इमर्जन्सी विभागाला चार तासांची मुदत असते. आलेल्या रुग्णाला तेवढ्या वेळात तपासून घरी पाठवायचं, भरती करायचं किंवा दुसरीकडे हलवायचं. आधी ९८ टक्के रुग्णांसाठी ती पाळायची होती. २०१० मध्ये अट ९५ टक्क्यांवर आली. देशपातळीवर हे ९५ टक्के शेवटचे गाठले गेले जुलै २०१५ मध्ये.

मुदतीने सुरुवातीला रांगा खरोखर घटवल्या, हे मान्य करायला हवं. पण रुग्ण कितव्या मिनिटाला विभागाबाहेर पडले याचा आलेख काढला, तर चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत एकदम सुळका दिसायचा. आजार काही घड्याळ बघून उतरत नाही. वेळ भरत आली की विभागाची धावपळ उडायची, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं घड्याळ ट्रॉलीचं. बारा तासांहून अधिक काळ खाटेची वाट पाहणाऱ्यांची वेगळी मोजदाद होते. डिसेंबर २०२२ मध्ये हा आकडा ५४ हजारांच्या वर गेला. मेख अशी, की हे बारा तास रुग्ण दारात आल्यापासून मोजत नाहीत. ‘याला भरती करा’ असं डॉक्टरांनी ठरवल्यापासून मोजतात. त्याआधी तो बाकावर सहा तास बसला असेल, तर ते धरायचेच नाहीत! आल्यापासूनचा हिशेब दरमहा जाहीर व्हायला २०२३ उजाडावं लागलं.

गर्दीचं खापर हमखास फोडलं जातं ते सर्दी-खोकल्यासाठी येणाऱ्यांवर. मला ते पटत नाही. मुरगळलेल्या पायाचा माणूस बाहेर तासन्‌तास बसतो खरा, पण त्याला खाट लागत नाही. गोळ्या घेऊन तो घरी जातो. विभाग तुंबतो तो न्यूमोनियाच्या आजीबाईंमुळे. त्यांची तपासणी झाली, सलाईन लागलं, भरतीचा कागदही झाला, पण वर वॉर्डात जागा नाही. मग त्यांची ट्रॉली कॉरिडॉरमध्ये, भिंतीला लावून. तिथे ना पडदा, ना बोलावण्याची घंटा. आणि वर जागा का नाही? कारण बऱ्या झालेल्या दुसऱ्या आजीबाईंना घरी सांभाळायला माणूस किंवा वृद्धाश्रमात जागा मिळालेली नाही. खाटा ८५ टक्क्यांहून अधिक भरलेल्या राहू लागल्या की अचानक येणाऱ्यांची सोय कोलमडू लागते, असं १९९९ मध्येच गणिताने दाखवलं होतं. अलीकडच्या हिवाळ्यांत इंग्लंडमध्ये हे प्रमाण नव्वदीच्या पुढे असतं.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. भरती झालेल्या पन्नास लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष निघाला: येऊन सहा ते आठ तास होईतो खाट न मिळालेल्या दर ८२ रुग्णांमागे महिन्याभरात एक जादा मृत्यू.

आपल्याकडे मुंबईच्या पालिका रुग्णालयांत कॅज्युअल्टीतून रुग्ण वर पाठवला जातो आणि खाट नसेल तर वॉर्डात जमिनीवर गादी पडते. त्यामुळे तुंबलेली रांग दारात कमी आणि वॉर्डात जास्त दिसते. खासगी रुग्णालयातली गोष्ट निराळी, पण दुखणं तेच. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज डिस्चार्ज’ म्हणतात. नातेवाईक पिशव्या भरून बसतात. फाईल बिलिंगला, बिलिंगकडून विम्याच्या टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या मध्यस्थाकडे, तिथून एखादी शंका निघून परत डॉक्टरांकडे. संध्याकाळ होते. तोवर खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी त्याच खाटेकडे डोळे लावून असतं. कॅशलेस रुग्णाच्या डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, उशीर झाला तर रुग्णालयाचा वाढीव खर्च विमा कंपनीने सोसावा, असा नियम विमा नियामकाने २०२४ मध्ये केला. नियम चांगलाच आहे. फक्त हे तीन तास सुरू होतात ते रुग्णालयाची विनंती विमा कंपनीला पोचल्यापासून. डॉक्टरांच्या राउंडपासून ती विनंती जाईपर्यंतचा वेळ त्यात धरलेला नाही.