दर सेकंदाला चार डबे आणि वर्गातल्या दोन जागा

पुणे स्टेशनच्या एक नंबर फलाटावर उभं राहा आणि १७ सप्टेंबर २०२१ हा दिवस आठवा. त्या एका दिवसात देशात कोविड लसीचे अडीच कोटी डोस टोचले गेले. अडीच कोटी! म्हणायला सोपं, डोक्यात मात्र मावत नाही. म्हणून हा आकडा आपण गाडीत बसवू. स्लीपरच्या डब्यात ७२ माणसं. वीस डब्यांची गाडी धरली तर १,४४०. अडीच कोटींना लागतील सतरा हजारांहून जास्त गाड्या. एकीला एक चिकटवून उभ्या करा. रांग आठ हजार किलोमीटरच्या पुढं जाते. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. तो चाळीसहून जास्त वेळा भरेल! आणि वेग? रात्रीची झोपेची वेळ धरून भागलं तरी सेकंदाला २८९ माणसं. म्हणजे चार डबे. तुम्ही तोंडानं ‘एक’ म्हणेपर्यंत चार डबे माणसं लस टोचून, बाही खाली करून चालायला लागली.

हा झाला एक दिवस. मोहीम सुरू झाली १६ जानेवारी २०२१ला आणि एकूण डोस गेले २२० कोटींवर. सेकंदाला एक या हिशेबानं, न जेवता, न झोपता मोजायचं ठरवलं, तर आज बारशाला पाळण्यात घातलेलं बाळ मोजता मोजता सत्तरीला टेकेल. एकेक सिरिंज दहा सेंटीमीटरची धरून ओळीनं मांडली तर दोन लाख वीस हजार किलोमीटर. चंद्राच्या वाटेवर आपण अर्ध्याच्या पुढं आलो! केंद्र सरकारनं २०२१-२२च्या अर्थसंकल्पात या लशीसाठी ३५,००० कोटी रुपये ठेवले होते. पाचशेच्या नोटांच्या गड्ड्या एकावर एक रचा आणि तो ढीग लोहमार्गाच्या कडेनं आडवा करा. पुण्याहून निघालेला ढीग लोणावळा ओलांडून जातो.

आणि या २२० कोटींतल्या दर चार डोसांपैकी तीनहून जास्त आपल्या पुण्यातले. १२ जानेवारी २०२१च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरीच्या कारखान्यातून पूजा करून तीन ट्रक निघाले. त्यात ४७८ खोकी, एकेक ३२ किलोचं. सगळं मिळून पंधरा टन. मार्केट यार्डात कांद्याचा एक मोठा ट्रक रिकामा होतो, जेमतेम तेवढं वजन! १९६६ साली सुरू झालेली ही संस्था आता वर्षाला दीडशे कोटींहून जास्त डोस बनवते. एक डोस अर्धा मिलिलिटर धरा. दीडशे कोटी डोस म्हणजे साडेसात लाख लिटर. सोसायटीत उन्हाळ्यात येतात ते दहा हजार लिटरचे टँकर, फक्त ७५. वीस फूट रुंद, तीस फूट खोल अशा आपल्याकडच्या शेतातल्या तीन विहिरीसुद्धा काठोकाठ भरत नाहीत. तीन विहिरींत निम्म्या जगाच्या पोरांची लस!

आता मोठा प्रश्न. ही लस सक्तीची असावी की ज्याच्या त्याच्या मर्जीची? सक्ती कशी अंगाशी येते हे पुण्याला कुणी शिकवायला नको. १८९७च्या प्लेगात गोरे सोजीर घराघरांत घुसले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सर्वोच्च न्यायालयानंही २ मे २०२२ला सांगितलं की कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही; मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी मर्यादा घालता येतात. मला हा निकाल पटतो. पण ‘माझी मर्जी’ म्हणणाऱ्याला मी एकच गणित करायला सांगेन, आणि ते कोविडचं नाही, गोवराचं.

लस कुणीच घेतलेली नसेल, तर गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजारी पाडतो. आपण पंधरा धरू. एका फेरीला साधारण अकरा दिवस. गणेश चतुर्थीला पेठेतल्या एका पोराला गोवर झाला. पहिल्या फेरीत १५. दुसरीत २२५. तिसरीत ३,३७५. चौथीत ५०,६२५, आख्खा तालुक्याचा गाव झाला. पाचवीत ७,५९,३७५. सहावीत १,१३,९०,६२५! २०११च्या जनगणनेत सबंध पुणे जिल्ह्याची लोकसंख्या होती ९४ लाख. जिल्हा संपला, आकडा संपला नाही. आणि दिवस किती गेले? ६६. तुळशीचं लग्न लागतंय.

आता हेच गणित उलटं फिरवा. शंभरातल्या ९५ पोरांना लस दिलीत आणि ती सगळ्यांना लागू पडली, तर पंधराचे होतात पाऊण. एक रुग्ण धड एकालाही देऊ शकत नाही, साखळी तिथंच मरते. ९०च दिलीत तर होतात दीड, आणि साखळी पुन्हा चालायला लागते. कोटीच्या आकड्याला रोखणारा बांध फक्त पाच टक्क्यांचा! चाळीस पोरांच्या वर्गात बघा: बिनलशीची दोन चालतात, चार चालत नाहीत. आणि त्या दोन जागा रिकाम्या नाहीत हो. एक आहे कॅन्सरची औषधं चालू असलेल्या पोराची. त्याला ही लस देताच येत नाही. दुसरी त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या सहा महिन्यांच्या भावाची; तो वर्गात बसत नाही, पण बहिणीबरोबर गोवर त्याच्या घरी जातो. त्याचं अजून वय झालेलं नाही. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणूस चढून बसला तर आपण त्याला उठवतो. ही तशीच जागा आहे.

महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी जाऊन बघा. सिस्टर शीतपेटी उघडतात, बर्फाच्या पॅकमधून गोवराच्या लशीची चिमुकली कुपी काढतात, तिच्यावरचा उष्णता दाखवणारा चौकोन काळवंडला नाही ना ते उजेडात धरून बघतात, पावडरीत पाणी मिसळतात आणि कुपीवर वेळ लिहितात. चार तासांत संपली नाही तर फेकायची. मग उजव्या दंडात अर्धा मिलिलिटर. बाळ टाहो फोडतं, आई पदरानं त्याचे डोळे पुसते, कार्डावर तारीख पडते. झालं! पैसे पडत नाहीत.

म्हणून माझं मत साधं आहे. पोलीस नको, दंड नको. शाळेच्या प्रवेशाला कार्ड मात्र प्रत्येकाचं बघावं, आणि डोस राहिला असेल तर पोराला परत न पाठवता तिथल्या तिथं तो द्यायची सोय करावी. आणि तुम्ही, हे वाचून झालं की कपाटातलं बाळाचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाच्या दोन ओळी शोधा: पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावरची, दुसरी सोळा महिन्यांनंतरची. वेळ होऊनही एखादी कोरी असेल तर उद्या सकाळी दवाखान्यात जा.