जुनी बाईक वळणावर बंद पडते? आधी हँडल फिरवून बघा

पंधरा-वीस वर्षं जुनी बाईक घेऊन ओळखीतलं कुणी माझ्याकडे आलं की तक्रार बहुतेक एकाच वाक्यात असते: "गाडी ओढत नाही, मधेच बंद पडते." या वाक्यात दोन वेगळी दुखणी असू शकतात, क्लचचं आणि इग्निशनच्या वायरिंगचं. घाईत कुणी क्लच प्लेट बदलतो, कुणी सीडीआय. पैसे जातात, दुखणं तिथंच.

म्हणून आधी कान लावा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पिळा. आवाज चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच स्लिप होतोय. आवाजच तुटतोय, झटके बसतायत, तर गाडी मिसिंग करतेय. मिसिंग कार्बोरेटरमधल्या कचऱ्यानंही होतं, पण वळणावर किंवा खड्ड्यात आदळल्यावर गाडी एकदम बंद पडत असेल तर माझा पहिला संशय वायरवर.

आता फुकटातली तपासणी. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. हँडल सावकाश डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे न्या. इग्निशन स्विचच्या वायरी आणि क्लच केबल दोन्ही हेडलाइटमागच्या अरुंद जागेतून जातात. हँडल हजारो वेळा वळून तिथल्या वायरीचं आवरण सोलतं, किंवा आतली तांब्याची तार तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हँडल एका बाजूला नेताच इंजिन बंद झालं तर जागा सापडली म्हणून समजा. (बंद न पडता रेस वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, तो वेगळा विषय.)

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या पॉइंटवाल्या बुलेटमध्ये चावी फिरवली की बॅटरीचा करंट कॉइलकडे जातो. तिथं वायर तुटली की गाडी बंद. पण मॅग्नेटोवर चालणाऱ्या सीडीआयच्या गाडीत स्पार्कला बॅटरी लागतच नाही. चावी बंद केली की स्विच सीडीआयची एक वायर अर्थला जोडतो, आणि म्हणून स्पार्क थांबतो. होंडाच्या रंगपद्धतीत ही वायर काळी-पांढरी असते, अर्थची हिरवी. म्हणजे ही काळी-पांढरी तुटली तर चावी काढूनही इंजिन चालूच राहतं, आणि सोलून चासीला टेकली तर चावी चालू असूनही स्पार्क गायब!

अशा गाडीत सीडीआय विकत घेण्याआधी हे करा. पेट्रोलचा कॉक बंद. प्लग काढून कॅपमध्ये बसवा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून ठेवा, हातात धरू नका. प्लगच्या भोकात कापड कोंबा, कारण किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ येते आणि ठिणगीनं पेट घेऊ शकते. किक मारून स्पार्क येत नाही हे बघा. मग ती काळी-पांढरी वायर कपलरपाशी सोडवून पुन्हा किक मारा. आता स्पार्क आला तर सीडीआय ठणठणीत आहे, दोष स्विचमध्ये किंवा वायरीत आहे. तपासणी झाली की वायर परत जोडायला विसरू नका.

दुरुस्ती करताना नुसती टेप गुंडाळू नका. उन्हापावसात ती सुटते. खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढी ढील ठेवा.

क्लचलाही हँडलचीच परीक्षा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ हवा. तो कमी पडला तर क्लच स्लिप होतो, जास्त झाला तर गिअर अडकतो आणि न्यूट्रल सापडत नाही. हँडल वळवल्यावर हा खेळ बदलत असेल तर केबल चुकीच्या वाटेनं ओढलेली आहे. बऱ्याचदा तीच केबल शेजारच्या वायरी घासत असते, तेव्हा आधी तिची वाट सुधारा, मग ॲडजस्ट करा.

खेळ बरोबर असूनही स्लिप होत असेल तर प्लेटी काढण्याआधी ऑइल कुठलं टाकलंय ते विचारा. आपल्या बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं बाईकचं ऑइल भरा, दोन-चार दिवस चालवा. तरीही स्लिप राहिला तर मग प्लेटी आणि स्प्रिंग उघडा.