गॅस संपला म्हणे!

हातानं शिकलेलं पक्कं, की लेक्चरमध्ये ऐकलेलं? उत्तर तुमच्या बेडरूमच्या एसीत दडलंय.

एप्रिलची दुपार. वर्क फ्रॉम होम चालू आणि एसी नुसताच वारा फेकतोय. तुम्ही फोन लावता. तासाभरात एक चुणचुणीत मुलगा येतो, गेज लावतो आणि ठरलेला डायलॉग टाकतो, ‘सर, गॅस संपलाय. भरायला लागेल.’ तुम्ही पैसे देता, खोली गारेगार. पुढच्या एप्रिलला पुन्हा तोच मुलगा, तोच डायलॉग!

आता जरा विचार करा. एसीतला गॅस म्हणजे काही गाडीतलं पेट्रोल नव्हे, वापरलं की संपायला. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तो कमी झालाय म्हणजे कुठून तरी गळतोय. आधी गळती शोधायची, बुजवायची, मग गॅस भरायचा. तो मुलगा दरवेळी फसवतोच असं नाही. बऱ्याचदा त्याचा हात तयार असतो, पण हे ‘का’ त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

नट विसरलेला आणि पंप विसरलेला

या धंद्यात शिरायचे दोन रस्ते. एक, उस्तादाच्या मागे हेल्पर म्हणून टूलबॅग घेऊन फिरायचं. दुसरा, आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एसी ट्रेड. १९५० पासून चालत आलेल्या या योजनेचा कल मुळातच हाताकडे आहे. २०२२च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला ८४० तास, थिअरीला २४०. कागदावर हिशोब झकास! पण यंत्र एक आणि भोवती मुलं वीस असली, तर प्रॅक्टिकलचं लेक्चर व्हायला वेळ लागत नाही.

असा लेक्चरवर वाढलेला मुलगा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी घडाघडा म्हणून दाखवेल. त्याला तांब्याची नळी देऊन टोक फ्लेअर करायला सांगा. नळी नीट कापेल, कड साफ करेल, तोंड कर्ण्यासारखं फुलवेल... आणि मग आठवेल, नट आधी घालायचा राहिला! आता फुललेल्या तोंडावरून तो जाणार कसा? टोक कापा, पुन्हा पहिल्यापासून. ही चूक एकदा स्वतः केली की जन्मात विसरत नाही. फळ्यावरून ती शिकता येत नाही.

हेल्परचं उलटं. जोडणी झटपट. पण गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची, तिथे कंटाळा. ‘थोडा गॅस सोडून हवा काढली की झालं,’ हे उस्तादाकडूनच उचललेलं. आत राहिलेली ओल दिसत नाही, तिचा वास येत नाही. पण आम्ल तयार करून ती कॉम्प्रेसरची सावकाश वाट लावते. हाताला कळतच नाही, ते डोक्याला सांगावंच लागतं.

मग जिंकतं कोण?

२०१४ साली अमेरिकी संशोधकांनी विज्ञान, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं लेक्चर ऐकणाऱ्यांचं नापास व्हायचं प्रमाण, वर्गात काहीतरी करत शिकणाऱ्यांच्या दीडपट निघालं. २०१९मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गात तर आणखी गंमत. करत शिकणाऱ्यांना मार्क जास्त, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं लेक्चरवाल्यांना! सर छान बोलले की आपल्यालाही सगळं कळल्यासारखं वाटतं, तेच हे.

ही सगळी कॉलेजची मुलं, आयटीआयची नव्हेत. आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण श्वार्ट्झ आणि ब्रॅन्सफर्ड यांचा १९९८चा प्रयोग इथे कामाचा आहे. काही विद्यार्थ्यांनी आधी उदाहरणांशी स्वतः झटापट केली, मग लेक्चर ऐकलं. काहींनी धडा वाचून सारांश लिहिला आणि तेच लेक्चर ऐकलं. काहींनी नुसतीच झटापट, तीही दोनदा. बाजी मारली पहिल्यांनी. म्हणजे लेक्चर वाईट नसतं, ते फार लवकर येतं.

एसीच्या वर्गात हे कसं दिसेल? दोन मशीन ठेवा. एकात गॅस कमी, दुसऱ्याचा फिल्टर धुळीनं बंद. दोन्हींचं कूलिंग कमी, दोन्हींचं प्रेशर खाली, कॉइलवर बर्फही दोन्हींत धरू शकतो. आपला दोस्त दोन्हींत गॅस भरून मोकळा! मुलांना भांडू द्या, अंदाज लिहू द्या. मग वीस मिनिटांत ‘सुपरहीट’ शिकवा. परतीची नळी गॅसच्या उकळबिंदूपेक्षा खूप गरम असेल तर गॅस कमी. जेमतेम असेल तर हवा अडलीय. आता लेक्चर कान देऊन ऐकलं जातं, कारण प्रश्न मुलांचा स्वतःचा असतो.

पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच भरवशावर. गावाला लागणारी खरी कामं मुलांनी करायची आणि त्यातून विज्ञान शिकायचं.

पुढचा धोका

हे आता नुसतं बिलापुरतं राहिलेलं नाही. जुना आर-२२ गॅस पेट घेत नसे. नव्या एसींतला आर-३२ थोडा का होईना, पेटू शकतो आणि आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन, आपल्या एलपीजी सिलिंडरमधला. जुन्या सवयीनं, नळी रिकामी न करता टॉर्च लावणाऱ्या हेल्परला हे कोण सांगणार? यंत्र बदललं की हाताची सवयच वैरी होते.

तुम्ही काय कराल?

* मेकॅनिकला दोनच प्रश्न विचारा. गळती कुठे आहे? व्हॅक्यूम करणार ना?
* बेकिंग असो की वेल्डिंग, वीकएण्ड कोर्सची फी भरण्याआधी विचारा, पहिल्या तासाला हातात काय देणार?
* ऑफिसात ट्रेनिंग तुमच्याकडे आलं, तर पहिली स्लाइड लावण्याआधी लोकांना एक बिघडलेली गोष्ट द्या.

आणि पुढच्या एप्रिलला तो मुलगा ‘गॅस संपलाय’ म्हणाला, तर चिडू नका. त्याला पाणी द्या आणि विचारा, ‘गेला कुठे रे?’ कदाचित हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला असेल.