सूत्रधार आणि खेळाडू

बुद्धिबळांत घोड्यानें अडीच घरेंच चालावें असा नियम आहे. 'मी घोड्यावरून उतरतों आणि शत्रूच्या वजिराशीं तहाचें बोलणें लावतों,' असें म्हणण्याची तेथें सोय नाहीं. परंतु अशी मुभा देणारेहि खेळ आहेत. मेजाभोंवतीं चारसहा जण बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन तें पात्र काय करतें हें तोंडानें सांगतो. एक जण सूत्रधार होतो. प्रसंग उभा करणें, इतर सर्व पात्रांच्या वतीनें बोलणें आणि प्रत्येक कृत्याचा परिणाम ठरविणें, हें त्याचें काम. यशापयशाची शंका असेल तेथें फांसे टाकतात.

आतां प्रश्न असा कीं, गोष्ट सूत्रधारानें आधीं रचून ठेवावी, कीं खेळाडू नेतील तिकडे ती जाऊं द्यावी? या खेळाचा जन्मच या प्रश्नांतून झाला आहे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत डेव्हिड वेसली या गृहस्थानें नेपोलियनच्या काळांतील एका लढाईचा खेळ योजिला. ब्राउनस्टाइन या कल्पित जर्मन गांवांतील नगराध्यक्ष, पेढीवाला इत्यादि भूमिका त्यानें मित्रांस वांटून दिल्या. परंतु सैन्यें गांवाजवळ येण्यापूर्वींच मंडळी आपसांत मसलती करूं लागली. दोघांनीं तर द्वंद्वयुद्धच पुकारलें! त्याविषयीं नियमच नव्हता. वेसलीस निर्णय तेथल्यातेथें द्यावा लागला. आपला बेत फसला असें त्यास वाटलें. पण मित्रांनीं तसलाच खेळ पुन्हां मागितला. त्यांपैकीं डेव्ह आर्नसन यानें ही कल्पना पुढें नेली, आणि गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्यानें १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला.

मग पूर्वतयारी व्यर्थच काय? तसें नाहीं. समजा, सूत्रधारानें पुलावर दरोडेखोर बसविले, आणि खेळाडू नावेनें नदी उतरले. त्यानें तेच दरोडेखोर गुपचूप नावेंत आणून बसविले, तर खेळाडूंची निवड नांवाचीच राहिली. उलट, त्यानें कांहींच योजिलें नसेल, तर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. जेथें कांहींच नाहीं तेथें निवडावें तरी काय?

म्हणून शहाणा सूत्रधार शेवट रचीत नाहीं, परिस्थिति रचतो. दरोडेखोर किती, त्यांस काय हवें, आणि कोणी न अडविल्यास ते उद्यां काय करतील, एवढें तो ठरवून ठेवतो. खेळाडू नावेनें गेले, तर ते सुखरूप पोंचतात. पण परततांना त्यांस पुलाजवळचें गांव लुटलेलें आढळतें. हें त्यांच्या निवडीचें फळ होय. मात्र दरोडेखोरांची कुणकुण त्यांस आधीं लागलेली असली पाहिजे. न कळतां केलेली निवड ही निवड नव्हे.

सुटींत कोणी हा खेळ मांडला, तर त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें : आपला बेत मोडला म्हणून रागावूं नये, आणि निर्णय देतांना पक्षपात करूं नये. घरांतील वडील मंडळींनींहि एकदां सूत्रधार होऊन पाहावें. मुलांस आपली वाट आपण निवडूं देणें किती कठीण असतें, हें त्यांस हंसतखेळत कळेल.