फादर, कॉम्रेड आणि तलासरीची वाट

अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर ‘विनयालय’ ही जेझुइटांची, म्हणजे येशूसंघीयांची वास्तू आहे. जेझुइट दारिद्र्याचं व्रत घेतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की तो कॉलेजात प्राध्यापक असला तरी त्याचा पगार संघाच्या सामाईक खात्यात जातो आणि चष्म्यापासून चपलांपर्यंतचा खर्च तिथूनच होतो. स्वतःच्या नावावर घर नाही, शेत नाही, पुढे वारसही नाही. प्रत्येकाने कुवतीप्रमाणे द्यावं आणि गरजेप्रमाणे घ्यावं, हे सूत्र मार्क्सने १८७५ साली ज्या भावी समाजासाठी मांडलं तो समाज अजून कुठे अवतरलेला नाही; मठांमध्ये मात्र ते शेकडो वर्षं बिनबोभाट चाललं आहे. आणि तरीही कॅथलिक चर्चने साम्यवादाशी जितकं हाडवैर धरलं तितकं क्वचितच कुणी धरलं असेल.

असं का, हे समजून घ्यायला ‘प्रेषितांची कृत्ये’ हे बायबलमधलं पुस्तक उघडावं लागतं. जेरुसलेममधली पहिली ख्रिस्ती मंडळी जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवत आणि ते ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे वाटले जात, असं त्यात वर्णन आहे. आरंभीचे ख्रिस्ती आणि युरोपातली कामगार चळवळ यांतलं साम्य एंगल्सच्याही नजरेत भरलं होतं. १८९४ साली त्याने त्यावर लेख लिहिला. पण लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं येतं. त्यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले म्हणून सांगितलं. प्रेषित पेत्राचा राग पैसे ठेवल्याबद्दल नाही, खोटं बोलल्याबद्दल आहे. जमीन तुमचीच होती, विकल्यावर पैसेही तुमचेच होते, असं तो बजावतो. चर्चचा पहिला आक्षेप इथून निघतो: देणं आपखुशीचं हवं, पोलीस पाठवून काढून घेतलेलं नव्हे. दुसरा आक्षेप निरीश्वरवादाचा, तो उघडच आहे. तिसऱ्याबद्दल चर्च फारसं बोलत नाही. चर्चच्या स्वतःच्या जमिनी होत्या आणि देवळात पुढच्या बाकांवर बसणारे बरेचदा जमीनवाले नि कारखानदार होते.

रोमची भूमिका सुरुवातीपासून अशी दुपेडी राहिली. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात मालकांना मजुरांच्या हलाखीबद्दल खडसावलं, संघटना बांधण्याचा हक्क मान्य केला आणि त्याच दमात समाजवाद नाकारला. मार्च १९३७ मध्ये अकरावे पायस यांनी विश्वपत्र काढून साम्यवाद मुळातच विकृत असल्याचं जाहीर केलं. जुलै १९४९ मध्ये तर फर्मान निघालं, की साम्यवादी पक्षात जाणाऱ्या कॅथलिकाला संस्कार मिळणार नाहीत आणि त्या विचाराचा प्रचार करणारा धर्मबहिष्कृत समजला जाईल. पूर्व युरोपात तेव्हा बिशप तुरुंगात पडत होते, हे लक्षात घेतलं तर या भाषेचं आश्चर्य वाटत नाही.

मुंबईच्या उपनगरांत हे फर्मान कितपत पोचलं? मरोळ, आंबोली, गोराईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन कॅथलिक हे छोटे शेतकरी. त्यांनी तिसराच रस्ता धरला होता, सहकाराचा. वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली कॅथलिक पतसंस्था सुरू केली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. त्याच सुमारास वांद्र्यात साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. भांडवल लोकांचं, कारभार लोकांचा आणि मालमत्तेवर प्रत्येकाचं नाव शाबूत! ‘रेरुम नोवारुम’ला याहून आज्ञाधारक उत्तर क्वचितच कुठे मिळालं असेल. गंमत अशी, की या लोकांच्या जमिनी पुढे कुठल्या लाल क्रांतीने नेल्या नाहीत. विमानतळाने, एमआयडीसीने आणि सीप्झने नेल्या.

गोदीतलं वारं वेगळं होतं. पी. डिमेलो हा मंगळूरकडचा, कॅथलिक घरातला माणूस मुंबईच्या गोदी कामगारांचा पुढारी झाला. त्याच्या नावाचा रस्ता आजही गोदीलगत धावतो. बंगळूरची सेमिनरी सोडून मुंबईला आलेले जॉर्ज फर्नांडिस त्याच्याच तालमीत तयार झाले. फर्नांडिस समाजवादी, साम्यवाद्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. पण मुळात धर्मगुरू व्हायला निघालेला पोरगा कामगारांचा पुढारी होतो, ही वाट पुढे इतरांनीही तुडवली.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले. इथेच त्यांनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केलं, की शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या विश्वपत्रात त्यांनी मुंबईतल्या या आवाहनाची आठवण दिली आणि खासगी मालकीचा हक्क निरपवाद नाही, असंही लिहिलं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याला शिळ्या मार्क्सवादाला दिलेला ऊत ठरवलं. पुढे लॅटिन अमेरिकेत गरिबांच्या बाजूने उभं राहणारं मुक्तीचं ईशज्ञान (लिबरेशन थिऑलॉजी) जन्मलं, आणि १९७४-७५ च्या महासभेत जेझुइटांनी श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठी झटणं एकमेकांपासून वेगळं करता येणार नाही, असा ठराव केला.

त्या ठरावाचा खरा कस मुंबईच्या उत्तरेला लागला. अंधेरी-बोरिवलीकर ज्या डहाणू लोकलमध्ये चढतात ती डहाणू रोडला थांबते; तलासरी त्याच्याही पुढे, गुजरातच्या वेशीवर. १९४५ साली इथेच गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेतर्फे वारली आदिवासींना उभं केलं. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध, आणि पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं, बहुधा जन्मभर. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. तलासरी तेव्हापासून लाल बावट्याची आहे.

याच तलासरीत जेझुइटांचं ‘ज्ञानमाता सदन’ आहे: शाळा आणि वसतिगृह. एकाच पाड्यात फादर पोरांना शिकवतो आणि कॉम्रेड बापाला मोर्च्याला नेतो, असं चित्र अनेक वर्षं होतं. सत्तरच्या दशकात पीटर डिमेलो हा जेझुइट तिथे आला आणि शाळेच्या कुंपणाबाहेर पडला. आदिवासींच्या जमिनी, जंगलखात्याचा जाच, मजुरी हे प्रश्न हाती घेत १९७८ मध्ये डहाणूत कष्टकरी संघटना उभी राहिली. डिमेलोंनी येशूसंघ सोडला, प्रदीप प्रभू हे नाव घेतलं, वकिली केली.

आणि मग दोन्हीकडून मार बसला. मार्क्सवादी पक्षाला आपल्या बालेकिल्ल्यात ही चर्चची घुसखोरी वाटली. संघर्ष हाणामारीपर्यंत गेला. चर्चमधल्या अनेकांना तो माणूस लाल झालेला दिसत होता. १९८४ हे साल तर नमुनेदार आहे. त्या वर्षी रोममध्ये धर्मसिद्धांतांवर नजर ठेवणाऱ्या कार्डिनल रॅत्झिंगर यांच्या कार्यालयाने मुक्तीच्या ईशज्ञानात मार्क्सवाद शिरल्याचा इशारा देणारी सूचना काढली. त्याच वर्षी प्रकाश करात यांनी पक्षाच्या ‘द मार्क्सिस्ट’मध्ये लेख लिहून परदेशी पैशावर चालणारे कृतिगट साम्राज्यवादी डावपेचाचा भाग असल्याचं मांडलं. रोमला भीती पक्षाची, पक्षाला भीती रोमची, आणि मधे डहाणूतला आदिवासी ज्याच्याकडे कसत असलेल्या जमिनीचा कागद नव्हता. त्या कागदाच्या लढाईला मात्र फळ आलं. प्रदीप प्रभूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कागद नसलेल्यांचेही दावे तपासायला लावले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला जे स्थान मिळालं, त्यामागे अशाच चळवळी होत्या.

मला यात तत्त्वज्ञानाचं भांडण फार थोडं दिसतं. गरिबाला संघटित करण्याचा हक्क कुणाचा, हे खरं भांडण. फादरला वाटतं, पक्ष माणसाच्या मनाचा ताबा घेईल. कॉम्रेडला वाटतं, फादर त्याला झोपवेल. दोघांच्या भीतीला इतिहासात भरपूर पुरावे आहेत.

स्टॅन स्वामींचं प्रकरण याच रांगेत बसवावं लागतं. ‘साम्यवाद विकृत’ ठरवणारं विश्वपत्र निघालं त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९३७ मध्ये, तिरुचिरापल्लीकडे जन्मलेला हा जेझुइट झारखंडमध्ये आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटत होता. ८ ऑक्टोबर २०२० ला एनआयएने त्यांना रांचीत अटक केली. आरोप बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंधाचा. त्यांनी तो नाकारला. तळोजा तुरुंगात कंपवाताने थरथरणाऱ्या हातांनी पाणी पिता यावं म्हणून त्यांना नळीच्या पेल्यासाठी अर्ज करावा लागला. मे २०२१ मध्ये त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं आणि ५ जुलैला, खटला उभा राहण्याआधीच, तिथे त्यांचा मृत्यू झाला. ज्या चर्चने साम्यवादी होणाऱ्याला बहिष्कृत करायची भाषा केली होती, त्याच चर्चने साम्यवादी म्हणून आरोप झालेल्या आपल्या धर्मगुरूसाठी वांद्र्याच्या सेंट पीटर्समध्ये मिस्सा अर्पण केली. सत्तेने माणसाच्या विवेकावर हात टाकू नये, हा चर्चचा साम्यवादी राजवटींवरचा आक्षेप मला पूर्ण पटतो. तो तळोज्यालाही तितकाच लागू आहे.

तलासरीत शाळाही आहे आणि बावटाही. डहाणू मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. या विषयात ज्यांना आणखी शिरायचं आहे त्यांनी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आधी वाचावं आणि सहाव्या पॉलचं १९६७ चं विश्वपत्र नंतर. उलट क्रमाने वाचलं, तर पत्रातले शब्द कुणाबद्दल आहेत हे कळायला उशीर होतो.