विश्लेषण : तळ्यावरचा पांढरा पक्षी खरेच राजहंस आहे का? पिसांवरून कसे ओळखावे?

पावसाळा सरला की रत्नागिरी तालुक्यातील पाली परिसरासह कोकणातील तळी आणि बंधाऱ्यांवर पाणपक्षी दिसू लागतात. अशा वेळी एखाद्या पांढऱ्या पक्ष्याचा फोटो ‘राजहंस आला’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू शकतो. त्यातील पक्षी नेमका कोणता, हे बहुतेक वेळा पिसे, चोच आणि पाय सांगतात.

कोकणात रानटी हंस येतात का?

पूर्ण पांढरे, लांब मानेचे हंस युरोप आणि उत्तर आशियातील थंड प्रदेशांत राहतात. भारतात त्यांच्या तीन जातींच्या मोजक्याच नोंदी आहेत, त्याही प्रामुख्याने उत्तर आणि वायव्य भागातील. कोकणातील तळ्यावर रानटी हंस उतरण्याची शक्यता जवळपास नाहीच.

मग ‘राजहंस’ कोणाला म्हणतात?

महाराष्ट्रात हे नाव पट्टकदंब या पक्ष्यालाही दिले जाते. राखाडी अंग, पांढरे डोके आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे ही त्याची खूण. तिबेट, मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून तो हिवाळ्यात जायकवाडी, उजनीसारख्या जलाशयांवर येतो. संस्कृत काव्यातील मानसरोवराचा हंस हाच असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांच्या डोक्यावर मात्र हे पट्टे नसतात.

गावात दिसणारा पांढरा पक्षी कोण?

तो बहुधा पाळीव हंस किंवा बगळा असतो. पाळीव हंसाची चोच आणि पाय नारिंगी असतात. काहींच्या चोचीच्या मुळाशी नारिंगी गाठही असते. रानटी हंसांचे पाय सहसा काळे असतात आणि गाठ असलीच तर तीही काळी असते. बगळ्याची चोच भाल्यासारखी टोकदार असते. उडताना तो मान दुमडून घेतो, हंस मात्र ती सरळ ताणतो.

एकाच जातीचे पक्षी वेगवेगळे का दिसतात?

पहिले कारण वय. हंसाची पिल्ले करडी असतात, पांढरी पिसे नंतर येतात. हान्स अँडरसनच्या १८४३ मधील कथेतून आणि पुढे गदिमांच्या बालगीतातून घराघरांत पोहोचलेल्या पिल्लाची गोष्ट याच निरीक्षणावर उभी आहे.

दुसरे कारण ऋतू. विणीनंतर अनेक नर बदकांची भडक पिसे गळतात आणि काही काळ ते मादीसारखे मळकट दिसतात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये राज्यात येणारे तलवार बदक किंवा थापट्या ओळखताना गोंधळ होतो. जानेवारीपर्यंत बहुतेक नर पुन्हा रंगात येतात.

तिसरे कारण पाणी. लोहयुक्त चिखलात चरणाऱ्या हंसांचे डोके आणि मान तांबूस होते. हा पिसांचा मूळ रंग नव्हे. जांभ्याच्या लाल मातीतील पाळीव हंस पाहतानाही हे ध्यानात ठेवावे.

पालीसारख्या भागात काय पाहावे?

हळदी-कुंकू बदकाची चोच टोकाला पिवळी असते आणि मुळाशी लाल ठिपके असतात, त्यावरूनच हे नाव पडले. अडई बदामी-तपकिरी असते आणि उडताना शीळ घालते. चिमुकल्या काणूक बदकाच्या नराच्या गळ्याभोवती विणीच्या काळात काळा पट्टा असतो, मादी फिकट तपकिरी असते.

सकाळी सूर्य पाठीशी ठेवून दुर्बिणीने पाहावे. आधी आकार आणि मान, मग चोच व पाय आणि शेवटी पिसांचा रंग, असा क्रम ठेवावा. उडताना दिसणाऱ्या पंखावरील पट्ट्याचीही नोंद करावी.

अंतर राखणे का गरजेचे?

हंस आणि बदकांच्या बहुतेक जातींत पंखांची मोठी पिसे एकदम गळतात. नवी पिसे येईपर्यंत काही आठवडे पक्षी उडू शकत नाही. पावसाळ्यात वीण उरकणारी आपल्याकडची बदकेही या टप्प्यातून जातात. फोटोसाठी जवळ गेल्यास त्यांना पळता येत नाही. कुत्री आणि शिकारी यांचे ती सहज भक्ष्य होतात. रानटी बदकांची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

चुकीच्या नोंदीने काय बिघडते?

कोणत्या तळ्यावर कोणता पक्षी कधी येतो, याची माहिती आता ‘ई-बर्ड’सारख्या मंचांवर सामान्य निरीक्षकांच्या नोंदींतूनही जमते. ‘राजहंस’ म्हणून चुकीची नोंद झाली तर ही माहिती बिघडते. खात्री नसेल तर तारीख, ठिकाण आणि चोच व पाय दिसतील असा फोटो जपून ठेवावा आणि जाणकारांना दाखवावा. पायात कडे किंवा गळ्यात क्रमांकाचा पट्टा दिसल्यास तो क्रमांक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवता येतो. त्यावरून पक्षी कुठून आला, याचा माग लागू शकतो.